रकाना सरकारचा, जमीन आमची



“तांत्रिक बाब आहे.” तालुक्याच्या कचेरीत, बँकेच्या खिडकीवर, सेतू केंद्रात हे तीन शब्द हल्ली फार ऐकू येतात. पूर्वी सांगत, “साहेब दौऱ्यावर आहेत.” साहेब निदान दौऱ्यावरून परत येत. तांत्रिक बाब एकदा अंगावर आली की परत जात नाही. शेतकऱ्याने अधिक काही विचारू नये, एवढाच त्या तीन शब्दांचा अर्थ.

आम्ही विचारणार आहोत. संगणकातल्या रकान्याचा प्रकार बदलणे म्हणजे काय, तो कोण बदलतो आणि कोणाला विचारून, हा आमचा प्रश्न आहे. आमचे म्हणणेही आधीच सांगून टाकतो. जमिनीच्या, कर्जाच्या आणि पिकाच्या नोंदींत रकाना बदलणे ही तांत्रिक बाब नाही, तो फेरफार आहे. फेरफाराला जी नोटीस लागते, जी हरकतीची मुदत लागते, ती याही फेरफाराला लागली पाहिजे.

सातबारावर रकाने असतात हे कोणा शेतकऱ्याला सांगायला नको. कागदावरच्या रकान्यात तलाठ्याला काहीही लिहिता येई. जागा पुरली नाही तर तो बाजूला बारीक अक्षरात लिही. संगणकाच्या रकान्याचे तसे नाही. या रकान्यात फक्त आकडा बसेल, यात अक्षरे बसतील, यात तारीख, आणि प्रत्येकी इतक्याच लांबीची, असे आधी ठरवून द्यावे लागते. हा झाला रकान्याचा प्रकार. प्रोग्राम लिहिणारा तो पहिल्या दिवशी ठरवतो. त्या दिवशी त्याच्यासमोर शेत नसते, खातेदार नसतो. पुढे दहा-पंधरा वर्षांनी तो प्रकार अपुरा पडतो आणि जुन्या प्रोग्राममधला रकाना बदलायची वेळ येते.

जमिनीच्या नोंदी संगणकावर घेण्याची केंद्राची योजना १९८८-८९ साली देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यातला एक आपला वर्धा. २००८ साली योजनेला नवे नाव मिळाले, २०१६ साली आणखी नवे. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर आली. एवढ्या वर्षांत यंत्रे बदलली, लिपी साठवण्याची पद्धत बदलली, ठेकेदार बदलले. जुन्या घरावर माळे चढावेत तसे प्रोग्राम एकमेकांवर चढले. अशा घरात कधी ना कधी भिंत सरकवावीच लागते, त्याबद्दल तक्रार नाही. आत राहणाऱ्याला न सांगता भिंत सरकवली जाते, तक्रार त्याबद्दल आहे.

भिंत सरकली की काय होते ते पाहा.

गट नंबर घ्या. नावात ‘नंबर’ आहे, पण तो बेरीज-वजाबाकी करण्याचा आकडा नव्हे. सर्व्हे १२५ चा हिस्सा १ आणि हिस्सा १० ही दोन शेते. त्यांचे मालक दोन, बांध दोन. कोणा हुशार माणसाने तिरप्या रेघेच्या जागी टिंब दिले आणि रकाना आकड्याचा केला, की १२५.१ आणि १२५.१० हे संगणकाच्या लेखी एकच. दहाव्या हिश्शाचा मालक पहिल्या हिश्शात जाऊन बसला. एक्सेलमध्ये ‘५/२’ लिहून पाहा. तिथे तारीख उमटते. मांडणी कशी आहे त्यावर ५ फेब्रुवारी किंवा २ मे. हा केवळ आपल्या तालुक्यातला घोळ नाही. माणसाच्या जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० साली काही जनुकांची नावेच बदलली, कारण ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशा नावांच्या एक्सेल तारखा करून टाकत असे. शास्त्रज्ञांच्या हातात नाव बदलणे होते. आम्ही काय, गट नंबर बदलून घ्यावेत?

क्षेत्र घ्या. सातबारावर १.२०.०५ म्हणजे १ हेक्टर २० आर ५ चौरस मीटर. दोन टिंबांचा आकडा संगणकाच्या आकडी रकान्यात बसत नाही. मधले टिंब काढताना शून्य गळले तर १.२०५ होते, म्हणजे ५ चौरस मीटरचे ५० झाले. आता तीन भावांच्या वाटणीचे १ हेक्टर घ्या. रकान्यात टिंबानंतर चार अंक असतील तर प्रत्येकाला ०.३३३३, बेरीज ०.९९९९, तूट १ चौरस मीटरची. तोच रकाना दोन अंकांचा केला तर प्रत्येकी ०.३३, बेरीज ०.९९. एक आर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा, हवेत गेला. ना कोणी विकला, ना पुराने वाहून नेला. मग ‘एकूण क्षेत्र आणि खातेदारांचे क्षेत्र यांचा मेळ बसत नाही’ असा शेरा येतो, आणि मेळ बसवायला हेलपाटे कोणी घालायचे? भावांनी.

नाव घ्या. हल्लीच्या युनिकोड पद्धतीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या साठवणीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, इंग्रजी अक्षराला एक. ‘ज्ञानेश्वर’ या नावात अक्षरे, काने, मात्रा, पाय मोडलेली चिन्हे धरून दहा चिन्हे, म्हणजे ३० बाइट. मधली मोकळी जागा १ आणि ‘विठ्ठल’चे १८. झाले ४९. इंग्रजीच्या हिशेबाने ५० बाइटचा रकाना कोणी ठेवला असेल, तर ज्ञानेश्वर विठ्ठल आत राहतात आणि आडनाव उंबऱ्याबाहेर. वऱ्हाडे, कऱ्हाडे यांची आणखी वेगळी तऱ्हा. त्यांच्या नावातला ‘ऱ्ह’ संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ती दोन माणसे वाटतात. मग आधारवरचे नाव आणि उताऱ्यावरचे नाव जुळत नाही आणि पी.एम. किसानचा हप्ता अडकतो. वर्षाच्या ६,००० रुपयांसाठी चार दिवसांची मजुरी बुडवून माणूस सिद्ध करत बसतो की मीच तो.

आणि रिकामा रकाना घ्या. शेतकी कॉलेजात आम्हाला प्रयोगाचे पहिले शिस्तीचे पाठ दिले त्यात हा होता: एखाद्या वाफ्याचे उत्पादन मोजायचे राहिले तर तिथे शून्य लिहायचे नाही. ‘मोजले नाही’ वेगळे आणि ‘काही पिकले नाही’ वेगळे. अक्षरांचा रकाना आकड्याचा करताना रिकाम्या जागी शून्य भरले गेले, तर पाहणी न झालेल्या शेताची नोंद ‘पेरलेच नाही’ अशी होते. खरेदी केंद्रावर आणि विम्याच्या दारात त्या शून्याचा अर्थ काय लावतात, ते आपण भोगतो आहोत.

आमच्या जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेने आपला जुना प्रोग्राम असाच ‘सुधारला’. खाते क्रमांकाचा रकाना अक्षरांचा होता, तो आकड्याचा केला. शून्याने सुरू होणाऱ्या खात्यांची पुढची शून्ये गळाली. पैसे पाठवले की परत येत, आणि सभासदाला सांगत, “तुम्ही खाते नंबर चुकीचा दिलात.” आठ महिने सभासद खोटे ठरले. पासबुकावर छापलेला नंबर दाखवला तरी उत्तर एकच, तांत्रिक बाब.

यातली सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे हे सगळे मुकाट्याने होते. काही डेटाबेस न बसणारी नोंद आली की काम थांबवतात आणि सांगतात, हे बसत नाही, माणसाने पाहावे. काही मात्र जेवढे बसेल तेवढे ठेवतात, बाकीचे कापतात आणि एक सूचना नोंदवून पुढे जातात. मायएसक्यूएल हा जगभर वापरला जाणारा डेटाबेस २०१५ साली ५.७ ही आवृत्ती येईपर्यंत मूळ मांडणीत असाच वागत असे. सूचना वाचली तर वाचली. नांगराने बांध मोडला तर शेजारी भांडायला तरी येतो. इथे बांध मोडल्याचे कोणाला कळतच नाही.

आता कायदा पाहा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. कलम १५० सांगते की तलाठ्याने (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) फेरफाराची नोंद केली की तिची प्रत चावडीवर लावायची आणि संबंधितांना लेखी कळवायचे. एका शेताची एक नोंद बदलायची तर एवढा बंदोबस्त. आणि लाखो नोंदींचा रकाना एका आज्ञेने बदलायचा तर चावडीवर चिटोरेसुद्धा नाही. कलम १५७ म्हणते, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत अधिकार अभिलेखातली नोंद खरी धरायची. म्हणजे यंत्राने कापलेले आडनाव खरे, आणि खोटे सिद्ध करण्याचा बोजा आमच्या डोक्यावर. लेखनप्रमाद दुरुस्तीसाठी कलम १५५ आहे म्हणतात. आहे ना. पण अर्ज आम्ही करायचा, पुरावा आम्ही आणायचा, तारखेला आम्ही जायचे. चूक ज्याने केली तो कोणत्या तारखेला येतो?

आम्ही संगणकाच्या विरोधात नाही. हाताने लिहिलेल्या सातबाराचा काळ म्हणजे रामराज्य नव्हते. पेन कोणाच्या हातात आणि शाई कोणाच्या पैशाची, हे सगळ्यांना ठाऊक होते. पण पेनाने केलेली खाडाखोड निदान दिसत तरी होती.

साहेब म्हणतील, एवढ्या जुन्या प्रोग्राममध्ये हे सगळे सांभाळणे अवघड आहे, खर्चिक आहे. अवघड असेल, अशक्य नाही. रीत सोपी आहे. जुन्या रकान्याला हात लावायचा नाही. शेजारी नवा रकाना उघडायचा. जुन्यातले नव्यात उतरवायचे. एकेक ओळ ताडून पाहायची आणि जिथे फरक पडला त्यांची यादी काढायची. ती यादी माणसांनी वाचायची. काही काळ दोन्ही रकाने चालू ठेवायचे, मग नवा वापरात आणायचा आणि जुना जपून ठेवायचा. २००० साल येताना जगाने अशीच काळजी घेतली. वर्षाचा दोन अंकी रकाना अपुरा पडणार होता. बँका, विमाने, वीज कंपन्या यांचे हितसंबंध अडकले होते, म्हणून वर्षानुवर्षे आधी तयारी झाली, तपासणी झाली, आणि १ जानेवारी २००० ला जगबुडी आली नाही. बँकेच्या रकान्याला जी काळजी मिळते ती आमच्या गुंठ्याला का नाही?

जिल्हा बैठकीपुढे आम्ही या मागण्या ठेवत आहोत.

१. जमीन, कर्ज, पीक आणि अनुदान यांच्या नोंदींतला कोणताही रकाना बदलण्याआधी त्याची जाहीर सूचना चावडीवर लागावी.

२. बदलामुळे ज्या नोंदीत एका अंकाचा वा अक्षराचा फरक पडेल, त्यांची गाववार यादी ग्रामसभेत वाचावी.

३. जुना रकाना मिटवू नये. मागितल्यास बदलाआधीची आणि नंतरची अशी दोन्ही नोंदींची प्रत खातेदाराला फुकट मिळावी.

४. बदलातून झालेली चूक कचेरीने स्वतःहून, ठरल्या मुदतीत दुरुस्त करावी. अर्ज, शुल्क, हेलपाटे नकोत. दुरुस्ती होईपर्यंत हप्ता, कर्ज, विमा थांबवू नये.

५. जुळत नाही तिथे चूक यंत्राची नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कचेरीची असावी.

मागण्या मांडून भागत नाही, पुरावा लागतो. बैठकीला येताना प्रत्येकाने घरातला जुना हस्तलिखित उतारा आणि आजचा उतारा सोबत आणावा. चार गोष्टी ताडून पाहू: गट-हिस्सा, क्षेत्र, पूर्ण नाव आणि पिकाचा रकाना. फरक निघेल त्याची नोंद गाववार वहीत करू आणि ती वही घेऊन कचेरीत जाऊ, एकेकटे नाही, सगळे मिळून. “तांत्रिक बाब आहे” असे उत्तर आले तर एवढेच विचारू, “कोणता रकाना, कोणत्या तारखेला, कोणाच्या सहीने?”