कथेला धनी हवा

२० फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेतील ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या विज्ञानकथांना वाहिलेल्या मासिकाने नव्या कथा स्वीकारणे एकाएकी बंद केले. २००६ पासून चालत आलेले हे मासिक पसाऱ्याने मोठे नाही. परंतु जगातील कोणत्याही देशातल्या, कोणाचीही शिफारस नसलेल्या आणि पूर्वी एक ओळही छापून न आलेल्या माणसाने आपली कथा थेट संपादकाकडे पाठवावी, ती वाचली जावी आणि पसंत पडल्यास शब्दामागे बारा सेंट या दराने तिचा मोबदला त्याच्या हाती पडावा, ही वहिवाट त्याने निष्ठेने सांभाळली असल्यामुळे इंग्रजीत लिहू पाहणाऱ्या नवोदितांच्या लेखी त्याचे मोल मोठमोठ्या प्रकाशनसंस्थांहून अधिक होते. त्या महिन्याच्या पहिल्या वीस दिवसांत संपादक नील क्लार्क यांच्याकडे माणसांनी लिहिलेल्या सुमारे सातशे कथा आल्या आणि त्यांच्या जोडीला पाचशेच्या वर कथा अशा आल्या, की ज्या कोणी लिहिलेल्याच नव्हत्या. यंत्राला दोनचार ओळींची आज्ञा करून त्या करवून घेतलेल्या होत्या. पाठविणाऱ्यांत लेखक होण्याची आस बाळगणारे फारसे कोणी नव्हते. घरबसल्या पैसा मिळविण्याच्या युक्त्या सांगणाऱ्यांच्या नादी लागलेली ती माणसे होती. ‘असिमोव्हज सायन्स फिक्शन’ या दुसऱ्या नामांकित नियतकालिकाच्या संपादिका शीला विल्यम्स यांच्याकडे त्याच सुमारास ‘द लास्ट होप’ या एकाच शीर्षकाच्या कथा एकामागून एक येऊन पडल्या. क्लार्क यांनी छाननीची काही तजवीज करून मार्चमध्ये दार पुन्हा उघडले. परंतु त्या दारावर तेव्हापासून जो पहारा बसला तो उठलेला नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र कथाकाराची जागा घेईल काय, या प्रश्नाचा खल गेली काही वर्षे सर्वत्र चालू आहे आणि त्यात बहुधा यंत्राची उत्तमातली उत्तम कथा एका पारड्यात व एखाद्या श्रेष्ठ लेखकाची कृती दुसऱ्या पारड्यात घालून तुलना करण्यात येते. आमच्या मते ही तुलनाच अस्थानी आहे. क्लार्क यांच्याकडे आलेल्या त्या पाचशे कथा चांगल्या नव्हत्या. त्यांतील एकही छापण्याच्या योग्यतेची ठरली नाही. तरीही एक जुने, प्रामाणिक दार त्यांनी काही आठवडे बंद पाडले. याचे कारण असे, की कथा करवून घेण्यास यंत्राला काही क्षण पुरतात, पण ती वाईट आहे हे ठरविण्यास माणसाला ती वाचावीच लागते, आणि वाचण्याचा वेळ कोणत्याही यंत्राने कमी झालेला नाही. प्रतिष्ठा पावलेल्या लेखकाला या गर्दीने फारसा उपद्रव होत नाही, कारण त्याचे नाव पाहून संपादक त्याचे पाकीट आधी उघडतो. उपद्रव होतो तो ज्याचे नाव अद्याप कोणाला ठाऊक नाही त्याला. आणि कोणत्याही भाषेतले उद्याचे वाङ्मय त्याच्याच हाती असते.

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढल्यापासून आपल्याकडे कथाकाराचा जन्म बहुतकरून नियतकालिकातच झाला, ग्रंथ मागाहून आला. धारवाडसारख्या दूरच्या गावी राहणाऱ्या जी. ए. कुलकर्णींची कथा महाराष्ट्राच्या वाचकांपर्यंत पोहोचली ती ‘सत्यकथे’च्या द्वारे, आणि त्या मासिकाच्या संपादनखोलीत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी अनोळखी हस्तलिखिते ज्या चिकाटीने वाचली, लेखकांना ज्या सविस्तर पत्रांनी दुरुस्त्या सुचविल्या, त्या पत्रांचा उल्लेख अनेक लेखक आयुष्यभर कृतज्ञतेने करीत राहिले. त्या संपादकांची अभिरुची ज्यांना संकुचित वाटली अशा तरुणांनी १९६९ मध्ये ‘सत्यकथे’ची होळीही केली. आम्हांस ती होळीसुद्धा वाङ्मयीन जीवनाच्या निरोगीपणाची खूण वाटते. कारण ज्याच्याशी भांडावे, ज्याला जाब विचारावा, असा कोणी एक माणूस तेथे बसलेला होता आणि आपल्या निवडीची जबाबदारी तो टाळीत नव्हता. आज आपल्याकडे दरसाल शेकडो दिवाळी अंक निघतात. त्यांतील बहुतेकांचा सारा व्यवहार संपादक आणि दोनतीन सहकारी यांच्या फावल्या वेळावर चालतो. पाचशे यंत्रकथांचा लोंढा एखाद्या वर्षी यांच्यापैकी कोणाकडे वळला, तर ओळखीच्या लेखकांकडूनच कथा मागवाव्यात आणि बाहेरून आलेले टपाल उघडूच नये, हा मार्ग त्यांना नाइलाजाने पत्करावा लागेल. असे झाले तर गडचिरोलीतल्या किंवा सावंतवाडीतल्या एखाद्या मुलीची पहिली कथा न वाचताच नाकारली जाईल, आणि ती नाकारल्याचे कोणाला कळणारही नाही.

आता यंत्राच्या अंगभूत स्वभावाविषयी. छापील मजकुराच्या अफाट राशी वाचून, एका शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचे गणित हे यंत्र आत्मसात करते आणि त्या गणिताच्या आधारे पुढचा मजकूर रचीत जाते. साहजिकच त्याचा ओढा पुष्कळांनी पुष्कळदा लिहिलेल्याकडे असतो. अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउसर या दोन संशोधकांनी सुमारे तीनशे जणांकडून आठ-आठ वाक्यांच्या छोट्या कथा लिहवून घेतल्या. काहींना यंत्राने सुचविलेल्या कल्पना पाहण्याची मुभा दिली, काहींना दिली नाही. जुलै २०२४ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष आम्हांस फार विचारणीय वाटतो. यंत्राची मदत मिळालेल्यांच्या कथा, विशेषतः ज्यांची कल्पनाशक्ती मूळची बेताची होती त्यांच्या कथा, परीक्षकांना अधिक सरस वाटल्या. परंतु त्या सर्व कथा एकत्र ठेवून पाहता, मदतीविना लिहिलेल्या कथांपेक्षा त्या एकमेकींसारख्या अधिक होत्या. म्हणजे ज्याने त्याने आपापल्या हिताचे तेच केले आणि सगळ्यांचे मिळून दारिद्र्य वाढले. ही हानी कोणा एका लेखकाच्या पदरी घालता येत नाही, म्हणून तिच्याविरुद्ध कोणी फिर्यादही करीत नाही. ती सोसावी लागते वाचकाला. आणि ज्याने वेगळे कधी वाचलेलेच नाही त्याला आपण काय गमावले याचा पत्ताही लागत नाही.

वाटेगावी जन्मलेल्या आणि घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहून लिहिणाऱ्या अण्णाभाऊ साठे यांना शाळेचा लाभ जवळजवळ नव्हता. त्यांच्या ‘फकिरा’ने १९५९ साली मराठी कादंबरीत जे आणले ते आधीच्या कादंबऱ्यांची बेरीज करून कोणालाही काढता आले नसते, कारण त्या बेरजेत ती माणसे नव्हतीच; पुस्तकांनी ज्यांना वगळले होते त्यांच्यातूनच तो लेखक आला होता. बाबूराव बागुलांच्या १९६३ च्या कथासंग्रहाबद्दलही हेच म्हणावे लागेल. यंत्र आज अण्णाभाऊंच्या धाटणीची वाक्ये लिहून देऊ शकेल, कारण अण्णाभाऊ आता छापलेल्या मजकुरात आहेत. परंतु अद्याप ज्यांच्याविषयी कोणी लिहिलेच नाही अशा माणसांविषयी त्याच्यापाशी बोलण्याजोगे काही नाही. मराठीत अशी माणसे थोडीथोडकी नाहीत.

यावर एक आक्षेप रास्त आहे व तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. साच्यातल्या कथा माणसांनीही लिहिल्या आहेत. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, त्यांचा साचा वाचकाला पाठ होता, आणि तरीही दोन पिढ्यांना वाचनाची गोडी त्यांनीच लावली. मग यंत्राने तसेच काही पुरविले तर बिघडले कोठे? आमचे उत्तर असे, की अर्नाळकर आपल्या वाचकाला ओळखीत होते, आपल्या नावाने त्याच्यासमोर उभे होते आणि त्याला कंटाळा आला असता तर त्याची झळ त्यांच्या संसाराला लागली असती. कथा ही घडलेली गोष्ट नव्हे हे वाचकाला ठाऊक असते. तरीही तो तिच्यात आपल्या आयुष्याचे काही तास आणि आपले अश्रू गुंतवितो, ते सांगणाऱ्याने आपले काही पणाला लावले आहे या भरवशावर. त्या भरवशाला धनी हवा. जपानमधील लेखिका रिए कुदान यांना जानेवारी २०२४ मध्ये अकुतागावा पारितोषिक जाहीर झाले तेव्हा आपल्या कादंबरीतील सुमारे पाच टक्के मजकूर यंत्राकडून घेतल्याचे त्यांनी आपण होऊन सांगितले; त्या कादंबरीत यंत्राशी संवादाचे प्रसंगच आहेत. त्यांना दूषण देणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. त्यांनी साधन वापरले, ते उघड सांगितले आणि सगळ्या पुस्तकाची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली.

खरा अपराध लपविण्याचा आहे. १८ मे २०२५ रोजी ‘शिकागो सन-टाइम्स’ या वृत्तपत्राच्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचण्याजोग्या पंधरा पुस्तकांची यादी छापून आली. तीतील दहा पुस्तके अस्तित्वातच नव्हती. इझाबेल अलेंदे यांच्यासारख्या जगन्मान्य लेखिकेच्या नावावर त्यांनी कधी न लिहिलेली कादंबरी कथासारासह दिलेली होती. बाहेरून घेतलेला तो मजकूर यंत्राच्या साहाय्याने सिद्ध झाला होता आणि कोणीही त्याची रुजुवात घातली नव्हती. बाजारात खोटी नाणी वाढली की लोक खरे नाणेही दगडावर आपटून पाहतात. पुस्तकांच्या व्यवहारात आज नेमके तेच होऊ लागले आहे, आणि ज्यांनी आयुष्यभर स्वतःच लिहिले अशा लेखकांनाही ‘हे तुम्हीच लिहिले ना?’ या प्रश्नाला तोंड द्यावे लागत आहे. ॲमेझॉनने सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या स्वयंप्रकाशन व्यवस्थेत एका दिवसात तीनपेक्षा अधिक नवी पुस्तके चढविण्यास मनाई केली, यावरूनच तोवर तेथे काय चालले होते याची कल्पना यावी. पुस्तक यंत्राकडून करविलेले असल्यास तसे ॲमेझॉनला कळविण्याचे बंधनही लेखकावर घातले गेले. परंतु ती माहिती ग्राहकाला दाखविली जात नाही. विकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते दाम मोजणाऱ्याला ठाऊक नसावे, ही व्यवस्था आम्हांस सर्वस्वी अन्यायाची वाटते.

ज्यांच्या पुस्तकांवरून हे यंत्र शिकते त्या लेखकांच्या हक्काचा प्रश्नही न्यायालयांत पोहोचला आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघीय न्यायालयात काही लेखकांनी अँथ्रॉपिक या अशी यंत्रे घडविणाऱ्या कंपनीविरुद्ध लावलेल्या दाव्यात न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी जून २०२५ मध्ये असा निवाडा दिला, की रीतसर मिळविलेल्या पुस्तकांवरून यंत्राला शिकविणे कायद्याला धरून आहे, परंतु चोरीच्या प्रतींचा संग्रह करून ठेवणे नाही. त्यानंतर कंपनीने दीड अब्ज डॉलरची तडजोड मान्य केली. सुमारे पाच लाख पुस्तकांमागे प्रत्येकी तीन हजार डॉलर इतकी ती रक्कम होते. मात्र अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात नोंदलेल्या पुस्तकांनाच तिचा लाभ आहे. ज्या मराठी कादंबऱ्यांच्या चोरट्या प्रती राजरोस या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरत आहेत, त्यांच्या लेखकांची अशा दफ्तरात नोंद असण्याचा संभव फारच थोडा. आपल्याकडे नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआय या तशाच कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा गुदरला व पुढे पुस्तक प्रकाशकांच्या महासंघानेही त्यात आपली कैफियत मांडली. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने संगणकाकडून निर्माण झालेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करविणारा मनुष्य, अशी व्याख्या केली. एका वाक्याची आज्ञा करून तीनशे पानांची कादंबरी करवून घेणारा आजच्या घडीला त्या व्याख्येत बसतो काय, याचा उलगडा संसदेने वेळीच करणे अगत्याचे आहे.

केंद्र सरकारच्या उद्योग व अंतर्गत व्यापार संवर्धन विभागाच्या समितीने डिसेंबर २०२५ मध्ये एक मसुदा पुढे ठेवला. यंत्राच्या शिक्षणासाठी सर्व प्रकाशित साहित्य वापरण्याची सरसकट परवानगी कंपन्यांना असावी आणि त्याबद्दल त्यांच्याकडून स्वामित्वधन घेऊन ते हक्कदारांना वाटावे, असा त्याचा आशय. मोबदल्याचे तत्त्व मान्य झाले याचे आम्ही स्वागत करतो. परंतु या योजनेत लेखकाला ‘माझे पुस्तक देणार नाही’ असे म्हणण्याची सोय ठेवलेली नाही, हे आम्हांस मुळीच मान्य नाही. ज्याला आपल्या कृतीविषयी नकार देता येत नाही त्याच्या स्वामित्वाला अर्थ उरत नाही. आणि वाटपाच्या वेळी मराठी, कोंकणी, संताळी या भाषांतल्या लेखकांच्या वाट्याला काय येईल, त्यांची नोंद कोण ठेवील, याविषयीही स्पष्ट हमी मिळाली पाहिजे.

कायद्याची वाट न पाहता करण्याजोगे काही आपल्या हाती आहे. यंदाच्या दिवाळी अंकांच्या संपादकांना आणि प्रकाशकांना आमची आग्रहाची विनंती आहे, की ज्या पृष्ठावर मुद्रक-प्रकाशकांची नावे छापली जातात तेथेच आतील कथा कोणी लिहिल्या आणि त्यांत यंत्राचा वापर झाला असल्यास कोठे झाला, हे एका वाक्यात स्वच्छ छापावे. लेखकांकडून तसे लेखी निवेदन घ्यावे. आणि कितीही गर्दी झाली तरी अनोळखी नावाने आलेले पाकीट उघडण्याचा परिपाठ मोडू नये, निदान अंकातील दोन कथा तरी ज्यांचे पूर्वी काहीच प्रसिद्ध झालेले नाही अशांसाठी राखाव्यात. वाचकांनी असे निवेदन नसलेल्या अंकाच्या संपादकाला पत्र लिहून त्याविषयी विचारावे.