फुकट बाळंतपण म्हणजे उपकार नव्हे

1963 साली औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलात एक बाई बाळंत झाली. लगेच नसबंदी केली आणि पोटात टॉवेल राहिला. बाई मेली. हायकोर्टाने सरकारला मोकळे सोडले. अच्युतराव खोडवा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सरकारला जबाबदार धरले, ते 1996 साली. भरपाई 36,000 रुपये. तेहतीस वर्षे!

आज मानोऱ्याची मजूर बाई सरकारी दवाखान्यात जाते. कळा लांबल्या, वेळेत सिझर झाले नाही, बाळाचा मेंदू दुखावला, तर ग्राहक आयोगाचे दार तिला बंद. 1995 च्या शांता निकालानुसार जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार, तो दवाखाना ग्राहक कायद्याबाहेर. म्हणजे पैसे मोजणारी ग्राहक, आणि आमची बाई? उपकाराची मिंधी? वाशिमला नीती आयोग 'आकांक्षित जिल्हा' म्हणतो. आकांक्षा कोणाची, ते विचारू नका.

बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात प्रसूती लाभ विधेयकाची बाजू घेतली, हा बोजा मुख्यतः सरकारने उचलावा म्हणून. ते दान मागत नव्हते.

दिवाणी कोर्टाचे दार मात्र उघडे आहे. विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. पण पुरावा केसपेपरात असतो, आणि आपण रडत घरी येतो. मागणी केल्यावर 72 तासांत नोंदी देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. पोरांनो, मोर्चा नंतर काढू. आधी अर्ज लिहा, पोच घ्या.