पहिला नंबर सोडून दिलेली टीम

अमेरिकेत कॉलेज फुटबॉल म्हणजे काय प्रकरण आहे, ते आधी समजून घ्या. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात. हो, कॉलेजच्या मॅचला! (आणि हे आपलं फुटबॉल नाही बरं का. इथे बॉल लांबुळका, पायापेक्षा हातातच जास्त, आणि हेल्मेट घातलेले धटिंगण एकमेकांच्या अंगावर तुटून पडतात.)

अशा देशात १९३९ च्या डिसेंबरमध्ये शिकागो विद्यापीठानं आपली टीम चक्क बंद करून टाकली. टीम ऐरीगैरी असती तर मी हा कॉलम तिच्यावर खर्च केला नसता.

१८९२ मध्ये विद्यापीठ सुरू झालं, तेव्हाच अध्यक्ष हार्पर यांनी ॲमॉस अलोन्झो स्टॅग या तीस वर्षांच्या कोचला बोलावून घेतलं, तेही प्राध्यापकाचा दर्जा देऊन. स्टॅगबुवा तब्बल ४१ सीझन राहिले. १८९६ मध्ये आजच्या 'बिग टेन' या बड्या लीगची स्थापना झाली, त्यात शिकागो होतं. पुढे सात वेळा ही लीग त्यांनी जिंकली. १९०५ मध्ये तर ५६ मॅचेस न हरलेल्या मिशिगनला २-० असं लोळवलं. त्या काळी शिकागोची 'मरून्स' म्हणजे एकदम टॉप ब्रँड!

मग १९२९ मध्ये रॉबर्ट हचिन्स अध्यक्ष झाले. हेही वयानं तीसच. विद्यापीठ हे डोकं चालवायची जागा आहे, तिकीटविक्रीची नाही, असं त्यांचं मत. १९३२ च्या सीझननंतर सत्तरीतल्या स्टॅगना निवृत्त केलं गेलं. बुवा मुकाट घरी बसले का? छे! कॅलिफोर्नियात दुसरं कॉलेज गाठलं आणि नव्वदी उलटल्यावरही कोचिंग करत राहिले.

पण माझा खरा हिरो आहे जे बरवँगर. १९३५ मध्ये देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची ट्रॉफी पहिल्यांदाच दिली गेली, ती या शिकागोच्या पोराला. हीच पुढे हाइजमन ट्रॉफी म्हणून गाजली. पुढच्या वर्षी प्रोफेशनल लीगनं पहिला ड्राफ्ट काढला, त्यात पहिलं नाव त्याचंच. आणि बॉस, तो गेलाच नाही! त्यानं मागितलेलं पॅकेज टीमला झेपेना, तर यानं सरळ रबर कंपनीत नोकरी धरली. ट्रॉफी म्हणे मावशीकडे दार अडवायला वापरत. अप्रेझलच्या महिन्यात हा किस्सा मला हटकून आठवतो.

बरवँगर गेला आणि टीम बसली. सरकारी विद्यापीठं फुगत चालली होती. शिकागोत मुलं कमी, अभ्यास कडक. १९३९ च्या सीझनचे आकडे वाचताना कसंसंच होतं. हार्वर्डकडून ०-६१. मिशिगनकडून ०-८५. ओहायो स्टेटकडून पुन्हा ०-६१. ८५ गुण खाऊन पुढच्या शनिवारी परत मैदानात उतरायचं, म्हणजे काय असेल हो! तरी ती मुलं उतरली, आणि त्याच सीझनमध्ये छोट्या ओबर्लिनला त्यांनी २५-० हरवलंसुद्धा. डिसेंबरात विश्वस्तांनी शटर ओढलं.

हचिन्स यांचं म्हणणं मला पटतं. फक्त ते पटवून द्यायला त्या मुलांची हाडं खर्ची पडली, हे खटकतं.

रिकाम्या स्टॅग फील्डचं पुढे काय झालं? पश्चिमेच्या स्टँडखाली एक रॅकेट कोर्ट होतं. तिथे २ डिसेंबर १९४२ ला एन्रिको फर्मी यांच्या टीमनं जगातली पहिली नियंत्रित अणू-साखळी-प्रक्रिया घडवली. प्रेक्षक मोजकेच, पण अणुयुग सुरू झालं ते तिथून. स्टँड १९५७ मध्ये पाडले. आज त्या जागी विद्यापीठाची भलीमोठी रेगेनस्टाइन लायब्ररी आहे.

फुटबॉल परत आलं, पण हळूच. १९६३ मध्ये त्याची नुसती चाहूल लागली, तर काही विद्यार्थी निषेध म्हणून मैदानातच बसून राहिले! अधिकृत टीम १९६९ ला उभी राहिली. आता ती डिव्हिजन थ्रीमध्ये खेळते. म्हणजे खेळासाठी स्कॉलरशिप नाही, एक लाखाची गर्दीही नाही. शनिवारी मॅच, सोमवारी लेक्चर. आणि ती दार अडवणारी ट्रॉफी? ती याच विद्यापीठाच्या जिममध्ये काचेआड ठेवलीय.