घराला दार आहे, पत्ता नाही

आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या मामाने १९९४ साली कॅसेटवर भरून ठेवल्या होत्या. तीन कॅसेटी, साधारण साडेचार तास. गेल्या दिवाळीत मी त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. मावशी सांगोल्यात, मामेभाऊ नाशकात, एक बहीण जर्मनीत. सगळ्यांना ऐकता याव्यात म्हणून पासवर्डवाली एक छोटी वेबसाइट करायची ठरवली. यूट्यूबवर टाकायच्या नव्हत्या. ओव्यांत नणंदेची भरपूर उणीदुणी आहेत आणि ती नणंद अजून ठणठणीत आहे.

घरात जुना लॅपटॉप पडून होता. त्यावर लिनक्स टाकलं, वेब सर्व्हर बसवला. घरच्या वायफायवर साइट झकास उघडली. मावशीला लिंक पाठवली, तर तिचा फोन आला, "अरे, नुसतं गोल गोल फिरतंय."

सर्व्हर सांभाळणं हे माझं रोजचं पोटापाण्याचं काम. तरी दोन रात्री मी स्वतःचीच चूक शोधत बसलो. चूक माझी नव्हती. इंटरनेट कंपनीने माझ्या घराला स्वतःचा पत्ताच दिला नव्हता.

तुम्हीही बघू शकता. राउटरच्या सेटिंगमध्ये वॅन आयपी शोधा. तो १००.६४ ते १००.१२७ यांतल्या कुठल्या आकड्याने सुरू होत असेल, तर तुम्ही 'सीजी-नॅट'च्या मागे आहात. म्हणजे शेकडो घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता. मोठ्या सोसायटीला एकच गेट असावं आणि एकाही फ्लॅटला नंबर नसावा, तसं. तुम्ही मागवलेलं पार्सल येतं, कारण वॉचमनने ऑर्डर जाताना नोंद ठेवलेली असते. पण पाहुणा आपणहून आला तर वॉचमन त्याला परत पाठवतो.

यामागची अडचण खरी आहे. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे पत्ते जगभरात मिळून सुमारे ४३० कोटीच. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. म्हणून मी भांडलो नाही. जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी घेतला. मावशीला पुन्हा लिंक पाठवली. पुन्हा गोल गोल.

आता पोर्ट ८० आणि ४४३ बंद होते. ब्राउझर वेबसाइट शोधायला आपोआप जातो ते हेच दोन दरवाजे. कस्टमर केअरचा मुलगा बिचारा नम्र होता. "सर, सुरक्षेसाठी बंद आहेत. सर्व्हर चालवायचा असेल तर बिझनेस प्लॅन घ्या."

गंमत म्हणून मी तोच सर्व्हर पोर्ट ८०८० वर लावला. लगेच चालू! तोच लॅपटॉप, तेच सॉफ्टवेअर, त्याच ओव्या. मग ही कसली सुरक्षा? चोर ८०८० वरून येत नाही का? आणि बिझनेस प्लॅनचे पैसे भरले की ८० वरून यायचा बंद होतो का?

सुरक्षेचा मुद्दा सरसकट खोटा आहे असं मी म्हणत नाही. पोर्ट २५ बंद ठेवल्याने व्हायरस लागलेल्या घरगुती मशीनमधून सुटणारा स्पॅम अडतो, हे मान्य. २०१६ च्या 'मिराय' प्रकरणात घरोघरचे कॅमेरे आणि राउटर कारखान्यातले पासवर्ड न बदलल्यामुळे हल्लेखोरांच्या ताब्यात गेले, तेही मान्य. म्हणून सुरुवातीला दारं बंद ठेवा. पण कडी माझ्या हातात द्या. माझ्या दाराला बाहेरून कुलूप लावून त्याला माझी सुरक्षा म्हणू नका.

दुसरा युक्तिवाद लाइनवरच्या भाराचा. माझ्या प्लॅनमध्ये अपलोड आणि डाउनलोड दोन्ही १०० एमबीपीएस. मी दिवसभर गूगलच्या सर्व्हरवर फोटो चढवत बसलो तर कंपनीला चालतं. तेच फोटो मावशीने माझ्या घरातून घेतले तर मी 'बिझनेस' होतो. म्हणजे भार सारखाच, फक्त माल कुणाच्या गोदामात ठेवायचा एवढाच फरक.

ऑफिसातले मित्र म्हणतात, टनेल लाव, पाच मिनिटांचं काम. लावता येतो, ठाऊक आहे. पण मग आजीच्या ओव्या माझ्या घरातून सांगोल्याला जाताना मध्ये एका परक्या कंपनीच्या कॉम्प्युटरमधून जाणार, तिच्या अटींवर. स्वतःचं दार बंद म्हणून कायम शेजाऱ्याच्या घरातून ये-जा करायची, ही सोय झाली. हक्क नाही.

जगातला पहिला वेब सर्व्हर कुठल्या डेटा सेंटरमध्ये नव्हता. १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये टिम बर्नर्स-ली यांच्या कामाच्या कॉम्प्युटरवरच तो चालत होता. हा सर्व्हर आहे, बंद करू नका, अशी लाल शाईतली चिठ्ठी त्यावर चिकटवली होती. वेब जन्मलं तेच असं, ज्याच्याकडे मशीन त्याला बोलता येईल या कल्पनेवर. आपल्याला मिळतंय ते फक्त ऐकायचं कनेक्शन.

फ्री बेसिक्सच्या वेळी लाखो लोकांनी ट्रायला ईमेल पाठवले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने वेगवेगळ्या मजकुराला वेगवेगळा दर लावण्यावर बंदी घातली. काय बघता येईल यासाठी आपण भांडलो. आपल्या घरातून काय दाखवता येईल, हा प्रश्न तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता. माझ्याही नव्हता.

मागण्या फार नाहीत. सीजी-नॅट आहे का आणि कुठले पोर्ट बंद आहेत, हे प्लॅन विकतानाच लिहा. ग्राहकाने मागितलं तर पोर्ट उघडून द्या. आणि आयपीव्ही६ वर तर पत्त्यांची टंचाईच नाही. तिथे तरी राउटरची फायरवॉल ग्राहकाला बदलू द्या. माझ्या राउटरवर कंपनीने तो पर्यायच लपवून ठेवला आहे.

सध्या ओव्या पेनड्राइव्हवर घालून ओळखीच्या माणसाबरोबर सांगोल्याच्या एसटीने पाठवल्या आहेत. संध्याकाळपर्यंत पोचतील. कनेक्शनचं बिल मात्र महिन्याच्या महिन्याला भरतोय, स्टॅटिक आयपीच्या जादा पैशांसकट.