वाट आधी, खोली नंतर

डोंगरपायथा : साप्ताहिक स्तंभ

दिवाळी उलटली की रविवारी सकाळी पनवेलहून ठाकूरवाडीकडे जाणारा रस्ता गाड्यांनी भरून जातो. सगळ्यांना कलावंतीण सुळका गाठायचा असतो. कातळात खोदलेल्या पायऱ्यांवर चढणाऱ्यांना उतरणाऱ्यांसाठी थांबून राहावं लागतं. दुपारी तीच गर्दी खाली येते आणि रात्रीच्या जेवणाला मुंबई-ठाण्यात आपापल्या घरी पोचते. त्याच रविवारी चंदेरीच्या पायथ्याला तामसईत किंवा माथेरानच्या कुशीतल्या धोदाणीत मोजकीच माणसं फिरकतात. एका सुळक्यावर सगळा भार आणि बाकीची रांग मोकळी, असं आपलं डोंगर-पर्यटन झालं आहे. ते सुधारायचं तर एकेका शिखराचा नाद सोडून सलग चार-पाच दिवसांची पायवाट आखायला हवी, आणि ती तळोज्यातून सुरू व्हायला हवी.

तळोजा म्हटलं की लोकांना औद्योगिक वसाहत आठवते, कासाडी नदीचं रसायनांनी नासलेलं पाणी आठवतं, ऑगस्ट २०१७मध्ये इथल्या रस्त्यांवर दिसलेले निळे कुत्रे आठवतात. त्या वसाहतीच्या पूर्वेला मलंगगडापासून दक्षिणेकडे डोंगरांची रांग सुरू होते : नवरा-नवरीचे सुळके, म्हैसमाळ, चंदेरी, नाखिंद, पेब आणि मग माथेरानचं पठार. माथेरानच्या पश्चिमेला प्रबळगड आणि कलावंतीण, दक्षिणेला इर्शाळ. दिवा-पनवेल मार्गावरची गाडी तळोज्याला थांबते. नोव्हेंबर २०२३पासून बेलापूरहून शेजारच्या पेंधरपर्यंत मेट्रो धावते. लोकलने किंवा मेट्रोने यावं, पाठीवर पिशवी टाकावी आणि चालायला लागावं, इतका हा डोंगर महानगराच्या जवळ आहे.

माझ्या डोळ्यांसमोरची वाट अशी आहे. पहिल्या दिवशी तळोज्याहून वावंजेमार्गे तामसई. दुसऱ्या दिवशी डोंगराच्या पदरातून मालडुंगे आणि धोदाणी. तिसऱ्या दिवशी चढून माथेरान, चौथ्या दिवशी उतरून प्रबळमाची, पाचव्या दिवशी इर्शाळच्या पायथ्याने चौक. यातले बरेच तुकडे आजही पायाखालचे आहेत. धोदाणी आणि आसपासच्या वाड्यांतली माणसं दूध, भाजी, रोजगार यांसाठी हीच चढण चढून माथेरानला जात आली आहेत. आपल्याला हे तुकडे जोडायचे आहेत आणि रात्रीच्या मुक्कामाची शाश्वती द्यायची आहे.

मुक्काम म्हटलं की आपल्याकडे लगेच बांधकामाचा विचार सुरू होतो : विश्रामगृह, तंबूंचं गाव, रिसॉर्ट. त्याआधी राजमाचीकडे पाहावं. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याची उधेवाडी गेली कित्येक दशकं भटक्यांना घरात ठेवून घेते. लोणावळ्याहून साधारण १५ किलोमीटर चालून यावं किंवा कर्जतकडून कोंदिवडे आणि कोंडाणे लेण्यांवरून चढून यावं, ओसरीवर अंथरूण आणि चुलीवरची भाकरी मिळते. तिथे पाहुणा गावाचा असतो आणि पैसा गावात राहतो. सह्याद्रीला साजेशी मुक्कामाची रीत आपल्याच डोंगरात अशी चालत आलेली आहे. तिला एका गावातून पुढच्या गावात नेणं, एवढंच काम उरलं आहे.

हे काम मला तातडीचं वाटतं, कारण या वाड्यांत राहणाऱ्या ठाकूर आणि कातकरी कुटुंबांचं वर्ष मला दिसतं. भात कापून झालं की कातकऱ्यांची अनेक घरं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. मुलांची शाळा सुटते, उचल घेतलेले पैसे फेडण्यात हंगाम संपतो. डोंगरात चालण्याचा हंगामही नेमका तोच, ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचा. या महिन्यांत वाडीत दोन-तीन घरांना पाहुण्यांचं जेवण आणि मुक्काम मिळाला, दोघांना वाटाड्याचं काम मिळालं, चौघांना वाट राखण्याची मजुरी मिळाली, तर काही चुली भट्टीवर न जाता घरीच पेटतील. एका दिवसात येऊन जाणारा माणूस वाडीत चहा-पाण्याचे पैसे ठेवतो. मुक्कामाला राहणारा दोन जेवणांचे, अंथरुणाचे आणि सोबतीचे ठेवतो. लांब वाटेचं अर्थशास्त्र इतकं साधं आहे.

मात्र वाटेला पालक हवा. पावसाळ्यानंतर पुरुषभर गवतात वाट बुडते, गुरांनी पाडलेल्या ढोरवाटा फसवतात, उन्हाळ्यात वणव्याने खुणा जातात. त्यात आता फार्महाऊसच्या प्लॉटिंगची तारेची कुंपणं जुन्या वाटांवर आडवी आली आहेत. गावनकाशात पायमार्ग तुटक रेषांनी दाखवलेले असतात. तहसील कार्यालयाने या वाटेच्या गावांचे नकाशे उघडून ते मार्ग जागेवर तपासले, तर कुठे काय अडलं आहे ते एका हिवाळ्यात कळेल. मग खुणा करायच्या. फ्रान्समध्ये १९४७पासून लांब पल्ल्याच्या पायवाटा पांढऱ्या-लाल पट्ट्यांनी दाखवल्या जातात. झाडावर, दगडावर, कुंपणाच्या खांबावर दोन छोट्या पट्ट्या, आणि त्या रंगवून ताज्या ठेवणारे स्थानिक स्वयंसेवक. आपल्याकडेही भटक्यांनी कातळावर बाण काढलेले आहेत, पण प्रत्येकाचा रंग वेगळा आणि जबाबदार कुणीच नाही. एकच खूण, तिची वर्षातून दोनदा देखभाल आणि त्यासाठी गावातल्या तरुणांना मजुरी, ही पहिली गरज आहे.

दुसरी गरज पाण्याची. फेब्रुवारीनंतर डोंगरातले झरे आटतात आणि वाडीतल्या बाया हंड्यांसाठी लांब जातात. अशा ठिकाणी पाहुण्याला आंघोळीची बादली देणं हा अन्याय आहे. म्हणून पर्यटनाच्या पैशातली पहिली रक्कम विहीर खोल करणं, झऱ्याला कुंडी बांधणं, छपरावरचं पाणी साठवणं यासाठी गेली पाहिजे. हे पाणी शहराचंही आहे. गाढी नदीवरचं देहरंग धरण पनवेलला पाणी देतं आणि त्याचं पाणलोट क्षेत्र याच रांगेत आहे. २०१६मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेने या डोंगराच्या राखणीत खर्चाचा वाटा उचलणं म्हणूनच रास्त आहे.

मुक्कामासाठी मी गावठाणातल्या घरांचा आग्रह धरतो त्याला कायद्याचंही कारण आहे. वनजमिनीवर पक्कं बांधकाम करायचं तर १९८०च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची परवानगी लागते. माथेरान आणि भोवतालचा प्रदेश फेब्रुवारी २००३पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे नव्या इमारतींचा हट्ट धरला तर वर्षं फायलींत जातील, आणि परवानगी मिळाली तरी डोंगराचं नुकसानच होईल. राहत्या घराला एक नीट खोली, स्वच्छ संडास, धुतलेल्या चादरी एवढी जोड देण्यासाठी राज्याच्या निवास-न्याहारी योजनेसारखी चौकट आधीच उपलब्ध आहे. दर ग्रामसभेने ठरवावा, फलकावर लिहावा, आणि पाहुणे पाळीपाळीने घरोघर जावेत, म्हणजे रस्त्याकडेच्या एकाच घराची भरभराट होणार नाही.

या वाटेवर इर्शाळवाडी आहे. १९ जुलै २०२३च्या रात्री तिथे डोंगर कोसळला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. दरडींचा धोका असलेल्या गावांच्या यादीत ही वाडी नव्हती. वर जायला फक्त पायवाट असल्याने यंत्रं पोचू शकली नाहीत आणि माणसांनी हातांनी माती उपसली. ज्या डोंगराखाली आपण पाहुणे झोपवणार, त्याच डोंगराखाली यजमान वर्षभर झोपतात. म्हणून प्रत्येक मुक्कामाच्या वाडीची भूवैज्ञानिक तपासणी आधी व्हावी, धोका निघाला तर कुटुंबांचं सुरक्षित पुनर्वसन आधी व्हावं, आणि जून ते सप्टेंबर ही वाट बंद राहावी. या अटीवर तडजोड करून कुठलीही योजना पुढे जाता कामा नये.

वाट झाली की तिच्यावरून रस्ता काढण्याची मागणी येईल, तिथेही सावध राहायला हवं. नेपाळमध्ये १९८६पासून अन्नपूर्णा संवर्धन प्रकल्प पदयात्रींकडून प्रवेशशुल्क घेऊन संवर्धन आणि गावांची कामं करतो. तिथल्या प्रदक्षिणेवर गावोगावी चहाघरांत मुक्काम असे. पुढे खोऱ्यात जीपचा रस्ता आला, चालणारे गाडीतून पुढे निघून गेले आणि मधल्या गावांतल्या चहाघरांचा धंदा बसला. वाडीला दवाखान्यासाठी, शाळेसाठी रस्ता हवा आणि तो मिळालाच पाहिजे. तो पायवाटेच्या अंगावरून न काढता वेगळ्या बाजूने काढणं, ही आखणी करणाऱ्यांची कसोटी आहे.

जास्त माणसं आली तर डोंगर नासेल, ही भीती खरी आहे. लांब वाटेत तिचं उत्तर आहे. वाडीत जितकी अंथरुणं तितकेच पाहुणे, आणि आधी नोंद केलेल्यांनाच मुक्काम. कलावंतीणच्या पायऱ्यांवर आज असा कुठलाच हिशेब लागत नाही.

सगळी वाट एकदम करण्याची गरज नाही. येत्या हिवाळ्यात तामसई ते धोदाणी हा एकच टप्पा घ्यावा. संबंधित ग्रामसभांनी ठराव करावेत, वनविभागाने संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांमार्फत खुणा आणि जाळरेषांचं काम द्यावं, महापालिकेने पाण्याचा खर्च उचलावा, गिर्यारोहण संस्थांनी गावातल्या मुलामुलींना प्रथमोपचार आणि बचावकार्य शिकवावं. मार्चमध्ये हिशेब ग्रामसभेपुढे मांडावा : किती पाहुणे राहिले, किती पैसा वाडीत आला, किती मुलं शाळेत टिकली. हे आकडे चांगले निघाले तर पुढचा टप्पा जोडावा, आणि वाईट निघाले तर थांबून चूक शोधावी. या वाटेबद्दल शेवटचा शब्द वाडीचा असावा, कारण पाहुणे सोमवारी कामावर परततात आणि वाडी तिथेच राहते.