जुना कॅमेरा घेतांना

हौसेला मोल नाहीं असें आपण म्हणतों. परंतु हौसेच्या वस्तूस मोल असतें, आणि तें बहुधा वडिलांच्या खिशांतून जातें. म्हणून फिल्मवर छायाचित्रें घेण्याचा नाद ज्या मुलामुलींस अलीकडे पुन्हां लागला आहे, त्यांच्यासाठीं व त्यांच्या पालकांसाठीं हे चार शब्द.

हातांतील मोबाइलवर क्षणांत शंभर चित्रें निघत असतां हा खटाटोप कशासाठीं, असें पालक विचारतील. उत्तर एवढेंच कीं, एका रोलवर ३६ च चित्रें उठतात. सिंदखेडराजा येथील लखुजी जाधवांच्या वाड्यासमोर किंवा लोणार सरोवराच्या कांठीं उभें राहून त्यांतलें एक खर्चावयाचें म्हटलें, म्हणजे मूल आधीं पाहतें, विचार करतें, मग कळ दाबतें. हा लाभ खरा. मात्र यंत्र खरें निघालें तरच.

मुंबईच्या चोरबाजारांत मटन स्ट्रीटवर काय, किंवा अन्य शहरांतील जुन्या दुकानांत काय, गिऱ्हाईक प्रथम भुलतें तें नांवाला व चकाकीला. माझें मत असें कीं, दोष दोन प्रकारचे मानावे : आपल्या बुद्धीनें भरून काढतां येणारे, आणि न येणारे.

प्रकाशमापक बंद असणें हा पहिल्या प्रकारचा दोष. लख्ख उन्हांत भिंगाचें छिद्र १६ या आंकड्यावर ठेवावें, आणि फिल्म १०० क्रमांकाची असल्यास वेग सेकंदाचा १/१२५ ठेवावा. चित्र ठीक येतें. मागच्या दाराचा स्पंज झडला असल्यास तो थोड्या खर्चांत बदलतां येतो. वरच्या ओरखड्यांनीं तर चित्राचें कांहींच बिघडत नाहीं.

दुसऱ्या प्रकारच्या दोषांस मात्र क्षमा नसावी. मागचें दार उघडून सर्व वेग क्रमानें चालवून पाहावे. एका सेकंदाच्या वेगावर पडदा मध्येंच अडखळला, तर आंतील वंगण वाळलें असावें. पडदा कापडी असल्यास तो दिव्यासमोर धरून भोकें नाहींत ना, हें पाहावें. आरसा दर वेळीं वर जाऊन खालीं परतला पाहिजे. भिंग उजेडाकडे धरतां कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी होय. समुद्रकांठच्या दमट हवेंत ती विशेष वाढते आणि कांचेवरील लेप खाते. हे दोष दुरुस्त होतीलही. पण तसा जाणता कारागीर खेड्यांत कोठला?

नांवापेक्षां रचना पाहावी. १९७६ सालीं निघालेला पेंटॅक्स के-१००० दिसावयास साधा. पण त्याचा पडदा यांत्रिक असून बॅटरी लागते ती केवळ प्रकाशमापकास. त्याच सालचा कॅनन एई-१ अधिक हुशार. परंतु बॅटरी संपली कीं त्याचा पडदा हलतच नाहीं. शिकणाऱ्यास पहिलाच बरा.

पालकांस विनंति इतकीच. रोल विकत घेणें व धुवून आणणें यांचा खर्च दर वेळीं नवा असतो. तो आधींच हिशेबांत धरावा. आणि दुकानांत यंत्राची परीक्षा मुलाच्याच हातून होऊं द्यावी. हातच्या कांकणास आरसा कशाला? जो विकणारा मागचें दार उघडूं देत नाहीं, त्याच्या दुकानांतून रिकाम्या हातानें परतावें. त्यांत मुलाचें शिक्षणही झालें आणि पैसेही वांचले.