सहा ग्रॅमांचा हिशोब : कुंडमची कोठी, कोदो आणि कीड

जबलपूरहून दिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंडम लागते. गोंडबहुल वस्तीचा हा भाग कोदो-कुटकीच्या शेतीसाठी ओळखला जातो. जानेवारी 2024 मध्ये मध्यप्रदेशच्या मंत्रिमंडळाने जबलपूर येथील बैठकीत राणी दुर्गावतींच्या नावाने योजना जाहीर करून या धान्यांना किलोमागे 10 रुपये प्रोत्साहन देऊ केले. बातम्या झाल्या त्या भावाच्या. घरात उरलेले धान्य वर्षानुवर्षे टिकवायचे कसे, हा प्रश्न मात्र बातमीत आला नाही.

वास्तविक या प्रश्नाचे निम्मे उत्तर कोदोच्या दाण्यातच आहे. सोंडे या किडीची मादी धान्याच्या दाण्याला छिद्र पाडते, त्यात एक अंडे घालते आणि चिकट स्रावाने ते छिद्र बुजवते. अळीचे सारे बालपण त्या एका दाण्याच्या आत जाते. गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन 40 ग्रॅमच्या आसपास असते, तर कुटकीच्या हजार दाण्यांचे जेमतेम 2 ते 3 ग्रॅम. एवढ्याशा दाण्यात सोंड्याच्या अळीची उपासमारच होणार. शिवाय वरचे टरफल टणक आणि गुळगुळीत. म्हणून टरफलासह ठेवलेले कोदो दुष्काळातही हाताशी असते, असा या पट्ट्यातील पिढ्यांचा अनुभव आहे. शेजारच्या दिंडोरी जिल्ह्यातील लहरीबाई या बैगा महिलेने भरडधान्यांचे दीडशेहून अधिक वाण घरातल्या मातीच्या कोठ्यांमध्ये जपले, त्यालाही हीच पार्श्वभूमी आहे.

अडचण दुसऱ्याच धान्यांची आहे. आता घरोघरी गहू, तांदूळ, मका आणि हरभराही साठवला जातो. या दाण्यांना ते नैसर्गिक चिलखत नाही. मग बाजारातून ॲल्युमिनियम फॉस्फाईडची गोळी येते. 3 ग्रॅमची एक गोळी हवेतील ओलाव्याशी संयोग पावून सुमारे 1 ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते. या वायूवर उतारा नाही. कायद्याने ही गोळी घरगुती वापरासाठी नाहीच. प्रत्यक्षात ती सुटी मिळते, ही उघड गोष्ट आहे. मातीच्या कोठीला भेगा असतात, वायू त्यांतून झिरपतो आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसांपर्यंत पोहोचतो. कोठीतील किडीला मात्र मरणाइतकी मात्रा मिळत नाही. जी कीड वाचते, तिचीच संतती पुढे वाढते. फॉस्फिनला न जुमानणाऱ्या किडींची नोंद जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या 1972-73 च्या सर्वेक्षणातच झाली होती. थोडक्यात, जी कोठी गोळीचा परिणाम होण्याइतकी हवाबंद आहे तिला गोळीची गरजच नसते; आणि जी तशी नाही तिच्यात गोळी केवळ घातक ठरते.

गरज का नसते, हे साध्या आकडेमोडीने कळते. 50 किलो गव्हाच्या पोत्यात दाण्यांमधील फटींमध्ये अंदाजे 27 लिटर हवा असते. त्यातील ऑक्सिजन सुमारे 7 ग्रॅम. 1 ग्रॅम स्टार्च पचवून त्याचे पूर्ण ज्वलन करण्यास किडीला जवळपास 1.2 ग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे पोते खरोखरच हवाबंद असेल, तर किडी सगळा ऑक्सिजन संपवतील तोवर त्यांनी फक्त 6 ग्रॅम धान्य खाल्लेले असेल. पन्नास किलोंत सहा ग्रॅम!

पुढची गंमत पाण्याची आहे. कोरड्या धान्यात राहणारा किडा पाणी पिणार कुठून? ते तो स्वतःच्या शरीरात तयार करतो; 1 ग्रॅम स्टार्चच्या ज्वलनातून सुमारे 0.56 ग्रॅम पाणी मिळते. ऑक्सिजन आटला की हे पाणीही आटते. चवळीतील भुंगेऱ्यावर झालेल्या संशोधनात असे दिसले की बंद पोत्यातील किडी गुदमरण्याआधी तहानेने मरतात. धान्यात राख मिसळण्याच्या जुन्या रीतीचे मर्मही पाण्यातच आहे. बारीक, खरखरीत भुकटी किड्याच्या त्वचेवरील मेणाचा थर खरवडते आणि शरीरातील पाणी उडून जाते, हे विगल्सवर्थ यांनी 1944 मध्ये दाखवले होते. ओलसर धान्यात मात्र राख निरुपयोगी ठरते. ती स्वतःच पाणी शोषून बसते.

महाराष्ट्राला हे तत्त्व परके नाही. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे म्हणजे जमिनीखालची हवाबंद कोठारेच. पेव उघडल्यावर आत लगेच उतरत नाहीत. कंदील सोडून तो तेवतो का हे पाहतात. 

अर्थात हवाबंद करण्याआधी धान्य वाळले पाहिजे. गव्हासाठी 12 टक्क्यांहून कमी ओलावा हवा. ओले धान्य कोंडून ठेवणे म्हणजे बुरशीला निमंत्रण. बुरशी काय करते ते ऑक्टोबर 2024 मध्ये बांधवगडला दिसले. तेथे दहा हत्ती दगावले आणि तपासणीत सायक्लोपियाझोनिक आम्ल हे बुरशीजन्य विष आढळले. ते कोदो शेतात उभे होते, कोठीतले नव्हते. तरीही बदनाम झाले धान्य, ओलावा नामानिराळाच राहिला. ओलावा पारखण्यासाठी महागडे यंत्रही लागत नाही. कोरड्या बरणीत धान्य आणि कोरडे मीठ घालून हलवावे. मीठ काचेला चिकटले तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे असे समजावे.

भारतातील 60 ते 70 टक्के धान्य घरगुती पातळीवर साठवले जाते, असे कृषिसाहित्यात सांगितले जाते. हा आकडा कित्येक दशके जवळपास जसाच्या तसा फिरतो आहे, यातच विषयाची उपेक्षा दिसते. पोलादी सायलोंवर निधी मिळतो, प्रबंध होतात. शेणमातीने सारवलेली कोठी मात्र लोकसंस्कृतीच्या दालनात ठेवली जाते. सारवणाच्या एका थराने हवेची गळती किती घटते, भिंतीत प्लास्टिकचा कागद घातलेल्या पुसा कोठीशी तुलना केल्यास किती फरक पडतो, पावसाळ्यात आतील ऑक्सिजन कोणत्या गतीने उतरतो, हे मोजण्यासाठी एक संवेदक, एक नोंदयंत्र आणि चार महिने पुरतात. जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय 1964 पासून जबलपुरातच आहे. पदव्युत्तर प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याला कुंडमची बस सकाळी पकडून संध्याकाळी परतता येईल.